स्लाऊतला निळा पंप

पेट्रोल पंप घरी आणायचा असं पद्माकर तायड्यांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या दारात पेट्रोलवर चालणारी गाडीसुद्धा नव्हती. होती ती इलेक्ट्रिक, तीही वैजयंतीताईंनी पसंत केलेली. पंप आणायला आधी गाडी असावी लागते असं कुठं लिहिलंय, असा तायड्यांचा बायकोला सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं. तायड्यांच्या पुष्कळ सवालांना उत्तर नसतं. सगळी नोकरी त्यांनी विमानतळावर बॅगांचे पट्टे दुरुस्त करण्यात काढली आणि रिटायर होताना, जे जे फिरतं ते ते आपल्याला उघडता येतं, एवढी एक समजूत सोबत घेऊन आले. उघडता येतं हे खरंच आहे. बंद करायला मग दुसरा माणूस बोलवावा लागतो.

आता ह्या पंपाचं खूळ डोक्यात शिरलं कुठून, तर विमलाबाईंच्या एका वाक्यातून. विमलाबाई म्हणजे तायड्यांच्या आई. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला आणलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या अगोदरचं त्यांचं आयुष्य गेलं मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाच्या मागच्या खोलीत. नवरा, बबन तायडे, त्या पंपावर कामाला. पंप जुन्या पद्धतीचा, हातानं दांडा फिरवायचा. डोक्यावर काचेचा पांढरा गोळा आणि पोटात घंटी. ठरावीक माप पुरं झालं की घंटी टण्णकन वाजायची. विमलाबाई खोलीत बसून नुसत्या कानांनी हायवे बघायच्या. ट्रक आला तर घंटी वाजत राहायची, जीप आली तर एकदोनदा वाजून गप्प. दिवस मावळल्यावर घंटी थांबली की त्या तवा ठेवायच्या, आणि पहिली भाकरी फुगेपर्यंत बबनराव हात धुऊन दारात उभे. त्या घरात घड्याळ नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही पडली नाही.

आणि इथं स्लाऊत त्यांच्या वाट्याला आली एक खिडकी. तिला दुहेरी काच. समोरून गाड्या जातात त्यासुद्धा चोरासारख्या. एक दिवस खिडकीशी बसल्या बसल्या विमलाबाई म्हणाल्या, "इथं कायचाच आवाज येत नाई रे पद्माकर." तक्रार म्हणून नव्हे, आज गार आहे असं म्हणावं तशा म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघत बसल्या. पण तायड्यांना ते लागलं. वडील गेले तेव्हा ते इथं होते. विमान पकडून नागपूर गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल ते कुणाशी कधी बोलले नाहीत. बापाची आठवण येते असं सरळ म्हणणं काही माणसांना जन्मात जमत नाही. तायड्यांना जमलं नाही, म्हणून ते "पंप आणू या" म्हणाले.

जुना पंप काही सुपरमार्केटात मिळत नाही. त्यासाठी जुन्या गाड्यावाल्यांच्या क्लबात जावं लागतं. हे लोक रविवारी एका पबच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या करतात, बॉनेट उघडतात आणि ऑपरेशन चालू असल्यासारखे आत बघत उभे राहतात. तायडे आपली इलेक्ट्रिक घेऊन गेले, तर एका गृहस्थानं अत्यंत सभ्यपणे त्यांना गाडी मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे लावायला सांगितली. ते गृहस्थ म्हणजे नाइजेल. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला, उंच, सदा सर्दी झालेला माणूस. त्याच्याकडे डझनभर जुने पंप होते आणि बायको नव्हती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं वैजयंतीताईंनी तायड्यांना त्याच संध्याकाळी सुनावलं.

पण नाइजेल मनानं चांगला. त्यानंच लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पंप असल्याची खबर दिली. पंप खरंच होता. दांड्याचा, गोळ्याचा, थेट मूर्तिजापूरच्या वळणाचा. बघितल्याबरोबर तायड्यांनी दांड्याला हात घातला. पंपाच्या पोटात कोंबड्यांनी घरटी केली होती, तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. भाड्याच्या व्हॅनमध्ये आडवा घालून त्यांनी तो स्लाऊपर्यंत आणला आणि दारात आल्यावर लक्षात आलं, की घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या गार्डनमध्ये तो जाणार नाही. तायड्यांनी पंप मोजला होता. बोळ मोजायचा राहिला होता. एवढ्या मोठ्या कामात एवढं चालायचंच.

म्हणून पंप राहिला पुढच्या गार्डनमध्ये, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा. आणि सल्ले सुरू झाले. डावीकडच्या गॉर्डननं, आपला ह्या गोष्टीशी काही संबंध नाही असं तीनदा सांगून, पंपाखाली सिमेंटचा चौथरा हवा असं सुचवलं. चौथरा झाल्यावर तो पुढच्या बाजूला झुकलाय हेही त्यानंच सांगितलं, आणि ते खरं होतं. समोरचे ढिल्लनसाहेब रोज सकाळी फाटकाशी येऊन, आज काय भाव लीटरला, असं विचारायचे आणि स्वतःच हसत घरी जायचे. नॉटिंगहॅमहून लेकीचा, स्नेहलचा, फोन आला. "बाबा, ती पंप घेऊन तू काय करणार?" तायडे म्हणाले, तुझ्या आजीसाठी आहे. "पण आजी तर ड्राइव्ह करत नाही ना," ती पोर कळवळून म्हणाली.

मग कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, एका बाईंचा फोन. कुणीतरी कळवलं होतं की इथं इंधनाचा साठा होतोय. बाई फार गोड बोलल्या. पंपात पेट्रोल आहे का, नाही. पुढं कधी असणार आहे का, नाही. मग ह्याचा उपयोग काय? तायड्यांनी घंटीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, मी ह्याची नोंद गार्डन ऑर्नामेंट, बागेतली शोभेची वस्तू, अशी करते, मग काही अडचण नाही. अडचण खरोखरच मिटली, पण तायडे दोन दिवस घुश्शात होते. ज्या पंपावर बापानं हाडं झिजवली तो दगडी बदक आणि टोपीवाल्या बुटक्यांच्या पंगतीला? वैजयंतीताई म्हणाल्या, अहो, सुटलो म्हणा. असं शहाणपण वैजयंतीताईंना नेहमी चुकीच्या वेळी सुचतं.

रंगाचं प्रकरण मात्र नाजूक झालं. गंज खरवडून पंप साफ झाला, आणि विहाराच्या फाटकाला लावून उरलेला निळा रंग मिलिंदनं आणून दिला. मिलिंद म्हणजे आमच्या विहाराचा सेक्रेटरी. उत्साह एवढा की सभेची सूचना द्यायला फोन करतो आणि फोनवरच सभा घेतो. रंग कशाला हवा हे त्यानं विचारलं नाही, निळा मागितला हेच त्याला पुरेसं होतं. आता बबन तायड्यांच्या मुलाच्या दारातली वस्तू निळी नाही तर काय गुलाबी असणार? तायड्यांनी दोन हात मारले आणि नाइजेलला बोलावलं. नाइजेलनं चष्मा पुसला, पंपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "व्हेरी कॉन्फिडंट ब्लू." तायडे खूश. वैजयंतीताईंनी त्यांना आत नेऊन सांगितलं की अहो, ही इंग्रजीतली शिवी आहे.

आणि गाडं इथंच अडलं. कारण पंपात घंटी नव्हती. शेतकऱ्याच्या आज्यानं ती कधीतरी काढून गाईच्या गळ्यात बांधली होती म्हणे. जोडीची घंटी फक्त नाइजेलकडे, एका डब्यात, कापसात गुंडाळलेली. ती द्यायला तो तयार होता, पण तत्त्वाचा माणूस. ह्या पंपाचा मूळ रंग हिरवा, निळ्या पंपात ती घंटी बसवणं त्याच्या जिवाला पटेना. हिरवा करा आणि घंटी घेऊन जा. तायड्यांनी जन्मात कुणाशी भांडण केलं नव्हतं, पण निळ्यावर हिरवा हात मारायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, रंग बदलणार नाही. नाइजेल म्हणाला, आय क्वाइट अंडरस्टँड. म्हणजे नाही.

मग तायड्यांनी मिळेल ती घंटी बसवून बघितली. दर वेळी विमलाबाईंना खुर्चीसकट दारात आणायचे आणि दांडा फिरवायचे. सायकलची घंटी ऐकून त्या म्हणाल्या, टपाल आलं. शाळेची पितळी घंटी ऐकून म्हणाल्या, पोरं सुटली. दाराची इलेक्ट्रिक बेल लावली तेव्हा, "कोन आलं ते पाय," म्हणाल्या आणि वैजयंतीताई खरंच दार उघडायला गेल्या. हसण्यासारखंच होतं सगळं, आणि तायडे हसायचेही. पण दांड्याला हात घातला की आई क्षणभर ताठ बसते, मान जराशी कलती करते, आणि आवाज आला की पुन्हा सैल होते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नव्हतं. पुढं पुढं तर संध्याकाळ झाली की विमलाबाई खिडकीतूनच विचारायच्या, "वाजली का रे?" तायडे म्हणायचे, नाही अजून. "वाजंन," त्या म्हणायच्या. आणि वैजयंतीताईंनी केलेली पोळी अर्धी टाकून उठायच्या. भाकरी त्यांनी स्वतः थापल्याला दोन वर्षं झाली होती. कुणासाठी थापू, असं एकदा म्हणाल्या होत्या, मग कुणी विषय काढला नाही.

एप्रिल उजाडला. शेवटचा हात ओला असताना पाऊस नको म्हणून तायड्यांनी पंपावर ताडपत्री टाकून दोरीनं आवळली. ताडपत्री निळी. इथं दुकानात दुसऱ्या रंगाची मिळत नाही, त्याला ते तरी काय करणार? आणि आता बघा. पुढच्या गार्डनमध्ये चौथरा. चौथऱ्यावर माणसापेक्षा उंच, निळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. वर डोक्याएवढा गोल. एका बाजूला पेट्रोलची नळी आकड्याला अडकवलेली, तिचं तोंड कापडाखालून असं वर आलेलं की थेट उचललेला हात आणि पुढं केलेलं बोट. आणि चौदा एप्रिल आठवड्यावर आलेला. बसच्या वरच्या मजल्यावरून जाताना मिलिंदनं हे बघितलं. त्याच्या जागी आपल्यापैकी कुणीही असतं तरी दुसरं काय समजलं असतं?

बरं, एकानंही तायड्यांना विचारलं नाही. माणूस गाजावाजा न करता, स्वतःच्या हिमतीवर दारात बाबासाहेबांचा पुतळा उभारतोय, जयंतीला अनावरण करून सगळ्यांना चकित करणार, तर आपण कशाला त्याचा आनंद घालवा, असा समंजस विचार हाउन्सलोपासून नॉटिंगहॅमपर्यंत सगळ्यांनी केला. आमच्या समाजाला एरवी कुठलीही बातमी पोटात ठेवता येत नाही, ही मात्र ठेवली. फक्त विहारात भेटलं की लोक तायड्यांचा हात दोन्ही हातांत धरायचे. फार मोठं काम केलंत, म्हणायचे. तायडे संकोचून म्हणायचे, मोठं कसलं, वडिलांची आठवण आहे झालं. हे ऐकून मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं. जुनी वस्तू दुरुस्त करण्याची कदर आपल्या लोकांना आहे, क्लबवाल्यांना नाही, असं तायड्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

चौदा तारखेला विहारातली वंदना झाली. विमलाबाईंचे गुडघे धरले होते म्हणून तायडे कुटुंब त्या दिवशी घरीच. तायडे बनियनवर, हातात चहा. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून पांढऱ्या साड्या आणि निळे झेंडे येताना दिसले. मिलिंद पुढं, त्याच्या हातात हार. मागं मेणबत्त्या, मागं खिरीचं पातेलं, त्यामागं सगळ्यांची इथंच जन्मलेली नातवंडं आणि स्नेहलसुद्धा, पंपाचं खूळ सोडून बाबांनी पुतळा आणला अशा समजुतीत. स्पीकर कुणीतरी आधीच चालू केला होता. गॉर्डन, आपला संबंध नाही असं म्हणत, खुर्ची घेऊन बाहेर बसला. तायडे शर्ट घालून बाहेर येईपर्यंत मिलिंदचं भाषण अर्धं झालं होतं आणि त्यात तायड्यांना दूरदर्शी म्हटलेलं होतं. त्यांना वाटलं, पंपासाठी हे जरा जास्तच होतंय.

विमलाबाईंना पांढरी साडी नेसवून खुर्चीत बाहेर आणलं. मिलिंदनं दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओढली.

 चौथऱ्यावर पंप उभा होता, निळाशार, ताज्या रंगानं चकाकणारा, पुढं किंचित झुकलेला. मिलिंद हार पुढं केलेल्या स्थितीत तसाच राहिला. मागून एक लहान मुलगी इंग्रजीत म्हणाली, हे तर बाबासाहेब नाहीत. तेव्हा कुठं तायड्यांच्या डोक्यात सगळा उजेड पडला, आणि आठवडाभर हातात धरलेले हात एकेक करून आठवले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. ते अडखळत सांगायला लागले की हा पंप आहे, माझे वडील असल्या पंपावर, म्हणजे आईला आवाज, पण घंटी अजून नाही. 

विमलाबाई बोलल्या. "हार आत ने मिलिंद. फोटो हाय आत बाबासायबाचा, त्याले घाल." मग पंपाकडे बोट करून म्हणाल्या, "बाबासायब म्हने शिका. असाच दांडा फिरवू फिरवू पद्माकरले शिकवलं याच्या बापानं. तवा झेंडे इथं लावले तरी चालतीन."

मिलिंदनं मान खाली घातली आणि आत जाऊन हार फोटोला घातला. बायांनी चौथऱ्याभोवती मेणबत्त्या लावल्या. कुणीतरी झेंडा गोळ्याशेजारी खोवला. आणि ह्याच वेळी, ठरल्याप्रमाणे रंगाबद्दल शेवटचं समजावून सांगायला, नाइजेल येऊन पोचला.

तो फाटकाशीच थांबला. समोर त्याला दिसलं ते असं, की एका जुन्या पंपासाठी रस्ताभर माणसं पांढरे कपडे घालून आलीयेत, दिवे लावतायत, गोड वाटतायत आणि एक म्हातारी खुर्चीत बसून त्याकडे डोळे भरून बघतेय. त्याच्या डझनभर पंपांकडे आजवर एक भाचा आला होता, तोही टॉयलेट विचारायला. नाइजेलनं रुमाल काढून नाक शिंकरलं आणि तो गाडीकडे परत गेला. आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. निळ्याबद्दल त्यानं काही काढलं नाही. पंपाचं दार उघडून, गुडघ्यांवर बसून, त्यानं स्वतःच्या हातानं घंटी बसवली. जमलेले लोक खरे कशासाठी आलेत हे त्याला सांगावं असं वैजयंतीताईंना वाटलं, पण त्यांनी त्याच्या हातात नुसती खिरीची वाटी दिली.

तायड्यांनी दांडा धरला. फिरवला. आतून काहीतरी कुरकुरलं, आणि मग घंटी वाजली. टण्ण.

विमलाबाई ताठ बसल्या. मान कलती केली. तायडे त्यांच्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा वाजली. ह्या वेळी त्या सैल झाल्या नाहीत. खुर्चीचा हात धरून उठल्या, गुडघे दुखतायत हे विसरल्यासारख्या आत निघून गेल्या.

मग काय, पोरांनी रांग लावली. प्रत्येकाला दांडा फिरवायचा होता. मिलिंदनं फिरवला, स्नेहलनं फिरवला, गॉर्डननंही आपला संबंध नाही म्हणत फिरवला. ढिल्लनसाहेबांनी भाव विचारला आणि ह्या वेळी दहा माणसं हसली, तेव्हा त्यांना कृतकृत्य वाटलं. घंटी वाजतच राहिली. वैजयंतीताईंनी हळूच तायड्यांना कोपरानं ढोसून आत बघायला सांगितलं. स्वयंपाकघरात विमलाबाईंनी परात काढली होती. डब्याच्या तळातून ज्वारीचं पीठ काढून त्या मळत होत्या आणि गॅसवर तवा तापत होता.

थोड्या वेळानं त्या पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"पुरे करा आता," त्या म्हणाल्या. "घंटी थांबल्याबिगर थे घरी कसे येतीन?"

दांडा ज्याच्या हातात होता त्यानं तो सोडला. कुणी हसलं नाही. तायड्यांनी आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. त्या भ्रमात नव्हत्या. बबनराव नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्या दारात उभ्या होत्या. तायड्यांना वाटलं, रडावं. इतकी वर्षं राहून गेलेलं सगळं रडावं, ह्या एवढ्या लोकांदेखत.

रस्ता शांत झाला. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. तायड्यांनी बाहेरच्या नळावर हात धुतले, मनगटापर्यंत, बाप धुवायचा तसे, आणि जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आईची पाठ होती.

"आले का जी?" विमलाबाईंनी मागं न बघता विचारलं.

 मग त्यांनी वळून बघितलं, मुलगा दिसला, आणि त्यांना काही नवल वाटलं नाही. "तू होय," त्या म्हणाल्या. "बस. तू खाऊन घे." भाकरी ताटात पडली, तिच्यावर तेल, बाजूला ठेचा. तायडे तिथंच खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी घास मोडला. विमलाबाईंनी दुसरी भाकरी थापायला घेतली.

बाहेर कुणाला तरी राहवलं नाही. टण्ण.

विमलाबाईंनी गॅस बारीक केला.

"आलं असंन आखरीचं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "येतीन आता."